विपरीतकरणी : एका संज्ञेची तीन रूपे

भिंतीजवळ उताणे निजावयाचे, दोन्ही पाय भिंतीच्या आधाराने सरळ वर ठेवावयाचे, हात अंगाबरोबर सैल सोडावयाचे आणि डोळे मिटून दहा मिनिटे स्वस्थ पडून राहावयाचे, एवढीच कृती असलेली क्रिया आज 'विपरीतकरणी' या नावाने योगवर्गांतून सर्वत्र शिकविली जाते. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांना, लांबचा प्रवास करून आलेल्यांना, रात्री लवकर झोप न लागणाऱ्यांना ती नित्य करण्याचा सल्ला दिला जातो. तिचे लाभ सांगताना 'विश्रांती' आणि 'रक्ताभिसरण' हे दोन शब्द बहुधा येतातच. आणि ही क्रिया हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत सांगितलेली आहे, हे विधानही त्यांच्या जोडीला येते.

या प्रत्येक विधानात काही तथ्य आहे. तथापि ती एकत्र मांडली असता ऐकणाऱ्याच्या मनात जो अर्थ उभा राहतो तो तथ्याला धरून नाही. जुन्या ग्रंथांतील विपरीतकरणी आणि भिंतीजवळची विपरीतकरणी या एकच क्रिया नव्हेत. त्यांचे हेतूही एक नव्हेत. नाव कायम राहिले आणि नावाने दर्शविली जाणारी वस्तू बदलली, असा हा प्रकार आहे. भाषेच्या इतिहासात ही घटना नवी नाही. परंतु येथे नावाबरोबर एका वस्तूचे गुणदोषही दुसऱ्या वस्तूला चिकटले आहेत, आणि ते ज्याच्या शरीराला चिकटावयाचे तो मनुष्य त्या नावावर विश्वासून भिंतीजवळ निजत असतो. म्हणून या संज्ञेचा अर्थ नीट उलगडून पाहणे हे केवळ कोशकाराचे काम राहत नाही.

१. शब्दाचा विचार

मराठी कानाला 'विपरीत करणी' हे शब्द अशुभ वाटतात. मराठीत 'विपरीत' म्हणजे भलतेच, अनिष्ट, घडू नये ते. 'काही विपरीत तर घडले नाही ना' असे आपण धास्तीने विचारतो. 'करणी' या शब्दाचा साधा अर्थ कृत्य असा असला, तरी 'त्याच्यावर कोणी करणी केली' या वाक्यात तोच शब्द जारणमारणाचा वाचक होतो. अतिशय सौम्य अशा एका विश्रामक्रियेच्या नावातील दोन्ही पदे आजच्या मराठीत अशा रीतीने भीतिदायक झालेली आहेत, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

संस्कृतात मात्र यांपैकी कोणत्याही पदात मुळात अनिष्टाची छटा नाही. 'वि' आणि 'परि' या उपसर्गांपुढे 'इ' म्हणजे जाणे या धातूचे भूतकृदन्त 'इत' येऊन 'विपरीत' सिद्ध होते. उलट वळलेले, नेहमीच्या क्रमाहून फिरलेले, हा त्याचा मूळ अर्थ. शास्त्रांच्या परिभाषेत तो अर्थ शुद्ध राहिला आहे. साहित्यशास्त्रातील 'विपरीतलक्षणा' म्हणजे शब्दाने उलट अर्थ सुचविणे. भाट्ट मीमांसकांची 'विपरीतख्याती' म्हणजे एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूच्या रूपाने भान होणे. दोन्ही ठिकाणी निंदा नाही, केवळ दिशेचा वा रूपाचा पालट आहे. लोकव्यवहारात मात्र जे क्रमाहून फिरलेले ते वाईट, अशी समजूत शब्दाला चिकटली आणि त्याचा अर्थापकर्ष झाला.

'करणी' या पदाचा उलगडा हठप्रदीपिकेच्या संदर्भातूनच होतो. स्वात्मारामाने पंधराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाच्या तिसऱ्या उपदेशात या क्रियेची प्रस्तावना करताना 'करण' हा नपुंसकलिंगी शब्द योजिला आहे. तेथे त्याचा अर्थ उपाय किंवा युक्ती असा होतो. 'करणी' हे त्याच कुळातील स्त्रीलिंगी रूप होय. घेरंडसंहितेत याच मुद्रेला 'विपरीतकरी' असे नाव आहे. तेथे कर्तृत्वाची छटा अधिक स्पष्ट असून 'उलट करणारी' असा त्याचा सरळ अर्थ होतो. यावरून एक गोष्ट निश्चित होते. 'विपरीतकरणी' हे 'ताडासन' किंवा 'भुजंगासन' यांसारखे आकृतीवरून पडलेले नाव नव्हे. ताडासन म्हटले की शरीराने कोणता आकार घ्यावयाचा ते कळते. विपरीतकरणी म्हटले की काहीतरी उलट करावयाचे एवढेच कळते. काय उलट करावयाचे आणि शरीर कोणत्या आकारात ठेवावयाचे हे नावात नाही. नावाच्या या मोकळेपणामुळेच पुढे त्यात निरनिराळ्या आकृती सामावू शकल्या.

२. ग्रंथांतील क्रिया

हठप्रदीपिकेत विपरीतकरणीची गणना आसनांत नाही, दहा मुद्रांत आहे. घेरंडसंहितेतही तिचे स्थान पंचवीस मुद्रांमध्ये आहे. शिवसंहिता आणि त्याहून जुने दत्तात्रेययोगशास्त्र यांतही ती येते. आसन आणि मुद्रा हा भेद या ग्रंथांत औपचारिक नाही. आसनाने शरीर स्थिर व निरोगी व्हावे, तर मुद्रेने शरीरातील प्राण, बिंदू आणि शक्ती यांच्या गतीचे नियमन व्हावे, अशी त्यांची योजना आहे.

विपरीतकरणीमागची कल्पना अशी. टाळूच्या मुळाशी चंद्र आहे व तो अमृत स्रवतो. नाभीच्या ठिकाणी सूर्य आहे. वरून गळणारे अमृत खालचा सूर्य गिळून टाकतो, आणि म्हणून देह जराग्रस्त होतो. यावर युक्ती ही की देहच उलटा करावा: नाभी वर आणि टाळू खाली, म्हणजेच सूर्य वर आणि चंद्र खाली. असे झाले की अमृत सूर्याच्या मुखात पडत नाही. डोके खाली व पाय वर अशी स्थिती पहिल्या दिवशी क्षणभरच ठेवावी आणि रोज थोडथोडी वाढवावी, असा क्रम सांगितला आहे. सहा महिन्यांनंतर सुरकुत्या व पिकलेले केस दिसेनासे होतात आणि जो नित्य एक प्रहर अभ्यास करतो तो काळाला जिंकतो, अशी फलश्रुती आहे. या अभ्यासाने जठराग्नी प्रदीप्त होतो, म्हणून साधकाने आहार भरपूर ठेवावा, अशी सूचनाही आहे.

चंद्रामृताची ही कल्पना मराठी वाचकास अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायातील कुंडलिनीवर्णनात चंद्रामृताचे तळे कलंडून ते शक्तीच्या मुखात मिळते असे चित्र आहे. मात्र तेथे देह उलटा करण्याचा प्रश्नच नाही. आसनस्थ योग्याच्या देहात आतल्या आत ते घडते. रूपक एकच असले तरी त्याचा विनियोग परंपरेपरंपरेत वेगळा होत असे, हे यावरून दिसते.

शरीराची नेमकी ठेवण कशी असावी याविषयी हठप्रदीपिकेचे मूळ श्लोक जवळजवळ काहीच सांगत नाहीत. ही युक्ती गुरूच्या उपदेशानेच कळावयाची, शास्त्रार्थांच्या कोटींनी नव्हे, असे ग्रंथकार स्वतःच बजावतो. घेरंडसंहिता डोके जमिनीवर, हात जमिनीवर आणि पाय वर, एवढे तपशील देते. हे वर्णन शीर्षासनासही लागू पडेल. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मानंदाने हठप्रदीपिकेवर 'ज्योत्स्ना' नावाची टीका लिहिली. तीत मात्र आकृती निश्चित केलेली आढळते: दोन्ही हातांनी कंबर धरावी, आणि दंड, खांदे, मानेचा व डोक्याचा मागील भाग यांनी जमिनीचा आधार घ्यावा. आज ज्याला सर्वांगासनाच्या जवळची स्थिती म्हणता येईल ती हीच.

३. विसाव्या शतकातील दोन रूपे

विसाव्या शतकात या संज्ञेला जी दोन रूपे प्राप्त झाली त्या दोहोंशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे.

पहिले रूप लोणावळ्याच्या परंपरेतील. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांच्या साहाय्याने मोजावा, हा त्यांचा आग्रह होता. या परंपरेत विपरीतकरणी म्हणजे पाठीवर निजून पाय उचलावयाचे, कंबरेला दोन्ही हातांचा आधार द्यावयाचा आणि धड तिरपे ठेवून पाय सरळ वर धरावयाचे. सर्वांगासनात धड जवळजवळ उभे होते व हनुवटी छातीला भिडते. विपरीतकरणीत धड तिरपे राहते व मानेवरील ताण त्यामानाने कमी असतो. ब्रह्मानंदाच्या टीकेशी हे रूप बऱ्याच अंशी जुळते. पण लाभांची भाषा बदलली. अमृत व सूर्य यांच्या जागी रक्त, नीला आणि ग्रंथी हे शब्द आले. कैवल्यधामाने १९७० साली हठप्रदीपिकेची आणि १९७८ साली घेरंडसंहितेची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. म्हणजे ग्रंथांचे संपादन आणि क्रियांचे मापन ही दोन्ही कामे एकाच संस्थेत झाली, पण त्यांची सरमिसळ करण्याची गरज तिला भासली नाही.

दुसरे रूप पुण्याचे. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) हे १९३७ साली पुण्यास आले आणि तेथेच स्थायिक झाले. रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था १९७५ साली उभी राहिली. अशक्त, वृद्ध आणि रुग्ण अशा साधकांनाही आसनात राहता यावे म्हणून त्यांनी लोड, घोंगड्या, पट्टे, विटा, खुर्च्या आणि भिंत यांचा पद्धतशीर उपयोग सुरू केला. या पद्धतीत विपरीतकरणीचे स्वरूप पालटले. कंबरेखाली हातांऐवजी लोड आला, पायांना भिंतीचा आधार मिळाला, आणि जी स्थिती स्नायूंच्या बळावर तोलून धरावी लागे तिच्यात आता निजता येऊ लागले. अय्यंगारांच्या अमेरिकन शिष्या ज्यूडिथ लासाटर यांचे 'रिलॅक्स अँड रिन्यू' हे पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले. अशा आधारयुक्त, विश्रामप्रधान आसनांचा एक स्वतंत्र वर्ग पाश्चात्त्य देशांत रूढ होण्यास त्याने मोठा हातभार लावला. लोडही काढून टाकून केवळ भिंतीशी पाय ठेवण्याचा जो प्रकार आज घरोघर केला जातो, तो या रूपाचा सर्वांत सोपा अवतार होय.

अशा रीतीने एका संज्ञेखाली तीन क्रिया उभ्या आहेत: अमृतरक्षणाची मुद्रा, हातांच्या आधाराने केलेली अर्धउलट स्थिती आणि भिंतीजवळची विश्रांती. पहिलीत डोके खाली आहे, दुसरीत भार खांद्यांवर आहे. तिसरीत संपूर्ण पाठ जमिनीवर असून डोके हृदयाच्या जवळजवळ पातळीतच असते. 'विपरीत' या शब्दाचा शब्दशः अर्थ घ्यावयाचा तर तिसऱ्या क्रियेत फक्त पायच विपरीत झालेले असतात.

४. अमृताच्या जागी रक्त

आकृती बदलली, हेतू बदलला, तरी नाव का टिकले? याचे एक कारण स्पष्टीकरणाच्या वाक्यरचनेत सापडते. जुन्या ग्रंथाचे म्हणणे असे: एक द्रव वरून खाली गळतो, त्यामुळे हानी होते, म्हणून शरीर उलट करावे. आधुनिक पुस्तकाचे म्हणणे असे: एक द्रव खाली साचतो, त्यामुळे हानी होते, म्हणून शरीर उलट करावे. वाक्याचा सांगाडा तोच आहे; त्यात 'अमृत' या नामाच्या जागी 'रक्त' हे नाम बसविले आहे. श्रोत्याला दुसरे वाक्य पहिल्याचे भाषांतर वाटते, आणि प्राचीनांना हेच सांगावयाचे होते असे अनुमान तो सहज काढतो.

पण क्रियापदे तपासली की दोहोंतील अंतर स्पष्ट होते. जुन्या मुद्रेचा उद्देश प्रवाह थांबविणे हा आहे. स्रवणारे अमृत राखावयाचे आहे. आधुनिक क्रियेचा उद्देश प्रवाहाला साहाय्य करणे हा आहे. साचलेले रक्त परतवावयाचे आहे. एका ठिकाणी धारण, दुसऱ्या ठिकाणी वहन. ज्या मीमांसकांनी एका वस्तूच्या ठिकाणी दुसरीचे भान होणे याला विपरीतख्याती म्हटले, त्यांना विपरीतकरणीचा हा आधुनिक अर्थ उदाहरण म्हणून चालला असता.

यावरून नवे स्पष्टीकरण खोटे ठरत नाही. ते त्याच्या स्वतःच्या पुराव्यावर तपासावे लागेल, ग्रंथांच्या पुराव्यावर नव्हे, एवढेच ठरते.

५. 'रक्ताभिसरण' म्हणजे नेमके काय

'या आसनाने रक्ताभिसरण सुधारते' हे वाक्य इतके रुळले आहे की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणास सुचत नाही. 'अभिसरण' या पदात 'अभि' हा उपसर्ग आहे. त्याचा अर्थ 'कडे', 'दिशेने'. 'अभिसारिका' या शब्दात तोच आहे. १६२८ साली विल्यम हार्वीने सिद्ध केले ते मात्र रक्ताचे एखाद्या दिशेने जाणे नव्हे, तर वर्तुळात फिरणे होते. त्याला 'परि' हा उपसर्ग अधिक जवळचा ठरला असता. मराठीत रूढ झालेली संज्ञा सोयीची आहे आणि ती बदलण्याचे कारण नाही. पण वर्तुळात जाणारा आणि येणारा असे दोन मार्ग असतात, आणि गुरुत्वाकर्षणाचा परिणाम त्या दोन्ही मार्गांवर सारखा हितकारक नसतो, ही गोष्ट 'रक्ताभिसरण' हा एकच शब्द झाकून टाकतो.

प्रथम परतीचा मार्ग पाहावा. मनुष्य स्तब्ध उभा असता हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचे वजन पायांतील नीलांवर पडते. घोट्याजवळ हा दाब सुमारे ९० मिलिमीटर पारा इतका होतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून नीला दाबतात, त्यांतील झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत, आणि हा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली येतो. जो दिवसभर एका जागी उभा राहतो किंवा पाय लोंबते सोडून बसतो त्याच्या बाबतीत हा स्नायूंचा पंप जवळजवळ बंदच असतो. मग द्रव केशवाहिन्यांतून बाहेर पाझरून पेशीजालात साठतो. संध्याकाळी घोटे सुजतात आणि पाय जड वाटतात. पाय हृदयाच्या वर ठेवले की स्नायूंनी करावयाचे काम गुरुत्वाकर्षण करते, नीला रिकाम्या होतात आणि पाझरलेला द्रव हळूहळू परत शोषला जातो. पायांचे जडपण उतरल्याचा अनुभव खरा आहे आणि त्याचे कारण हे आहे.

उचललेल्या पायांतून सुमारे ३०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते. रुग्णाला शिरेतून द्रव द्यावा की नाही हे ठरविण्यासाठी अतिदक्षता विभागात डॉक्टर नेमकी हीच युक्ती चाचणी म्हणून वापरतात. परंतु हृदयाच्या कार्यावर दिसणारा हा परिणाम मिनिटभरातच शिखर गाठतो व ओसरू लागतो. शरीर नव्या स्थितीशी जुळवून घेते. म्हणून दहा मिनिटे पाय वर ठेवल्याने हृदयाचे कार्य दिवसभर सुधारलेले राहते, असा अर्थ काढता येत नाही.

आता जाण्याचा मार्ग. ज्या गुरुत्वाकर्षणाने रक्त परत आणणे सुकर होते, त्याच्याच विरुद्ध रोहिणींना रक्त वर चढवावे लागते. पाऊल हृदयाच्या ८० सेंटिमीटर वर असेल तर पावलापाशी रोहिणीतील दाब सुमारे ६० मिलिमीटरने कमी होतो. निरोगी मनुष्याच्या बाबतीत सरासरी ९० ते ९५ मिलिमीटर दाबातून एवढा वजा होऊनही पावलाला पुरेसे रक्त मिळते. फार वेळ झाला तर तेवढ्यात मुंग्या येतात. परंतु मधुमेहाने किंवा धूम्रपानाने ज्याच्या पायांच्या रोहिणी अरुंद झालेल्या आहेत, त्याच्या पावलाकडे जाणारा दाब आधीच कमी असतो. त्याचे पाय वर उचलले की पावले पांढरी पडतात आणि दुखू लागतात. रोहिणींचा हा विकार ओळखण्यासाठी डॉक्टर रुग्णाचे पाय वर उचलून याच खुणेची वाट पाहतात. पाय गार पडतात, बधिर होतात, अशी ज्याची तक्रार आहे, तोच मनुष्य 'रक्ताभिसरण सुधारते' हे वाक्य ऐकून ही क्रिया करावयास घेण्याचा संभव सर्वांत अधिक. आणि त्याच्याच बाबतीत ते वाक्य सर्वांत कमी खरे असते. 'पायांतील अशुद्ध रक्त हृदयाकडे परतण्यास साहाय्य होते' असे म्हटले असते तर वाक्य थोडे लांबले असते, पण तो मनुष्य थांबून विचार करू शकला असता.

विश्रांतीविषयीही असाच विवेक हवा. छातीकडे आलेल्या रक्ताने मोठ्या रोहिणींच्या भिंतींतील दाब जाणणारी चेतातंतूंची टोके ताणली जातात, आणि त्यांच्या संदेशाने हृदयाची गती मंदावण्यास मदत होते. परंतु शांत खोली, मंद प्रकाश, सर्व अंगाला मिळालेला आधार, दीर्घ उच्छ्वास आणि काही काळ काहीही न करण्याची मोकळीक ही कारणेही तितकीच समर्थ आहेत. हठप्रदीपिकेने श्रमपरिहार आणि चित्ताची विश्रांती हे फळ विपरीतकरणीला दिलेले नाही. ते शवासनाला दिले आहे. भिंतीजवळची क्रिया हेतूच्या दृष्टीने विपरीतकरणीपेक्षा शवासनाची वंशज आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

६. कृती

तिसऱ्या रूपाची कृती अशी. भिंतीलगत जाड सतरंजी किंवा घडी घातलेली घोंगडी पसरावी. भिंतीकडे कूस करून, एक नितंब भिंतीला लागेल असे बसावे. हातांचा आधार घेत धड मागे नेताना त्याच ओघात पाय वळवून भिंतीवर घ्यावेत आणि पाठ जमिनीला टेकवावी. मांड्यांच्या पाठीमागे ओढ बसत असेल तर भिंतीपासून वीतभर दूर सरकावे किंवा गुडघे किंचित वाकवावेत. पाय काटकोनात असलेच पाहिजेत असे नाही. मानेखाली पातळ घडी ठेवल्यास हनुवटी वर उचलली जात नाही. हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. श्वास मुद्दाम ओढू नये. उच्छ्वास सावकाश होऊ द्यावा. प्रारंभी पाच मिनिटे पुरेत, पुढे दहा ते पंधरापर्यंत वाढवावीत. पायांना मुंग्या आल्यास गुडघे दुमडून पावले भिंतीला टेकवावीत किंवा क्रिया संपवावी.

उठण्याची रीत निजण्याइतकीच महत्त्वाची आहे. गुडघे छातीकडे घ्यावेत, कुशीवर वळावे, अर्धा-एक मिनिट तसेच पडून राहावे आणि मग हातांवर भार देऊन बसावे. एकदम उभे राहिल्यास रक्त पुन्हा पायांकडे धावते आणि घेरी येऊ शकते. जेवणानंतर लगेच ही क्रिया करू नये. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्याने तर विशेषच जपावे.

७. नावाबरोबर येणारा भार

एका क्रियेचे गुण नावाच्या द्वारे दुसरीकडे जातात, तसे तिचे निषेधही जातात. मानेचा विकार असणाऱ्याने विपरीतकरणी करू नये, हा निषेध दुसऱ्या रूपाला योग्य आहे, कारण तेथे भार मानेजवळ येतो. पाठ पूर्ण टेकलेल्या तिसऱ्या रूपाला तो तितकासा लागू नाही. याच्या उलटही घडते. भिंतीजवळची विपरीतकरणी निर्धोक आहे असे ऐकलेला मनुष्य त्याच नावाचे दुसरे रूप निःशंकपणे करावयास जातो.

काचबिंदूचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काचबिंदूचे रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या डोळ्यांतील दाब चार योगस्थितींत मोजला गेला. चारही स्थितींत तो वाढला. अधोमुख श्वानासनात सर्वाधिक आणि भिंतीला पाय लावून निजण्यात सर्वांत कमी. डोके जसजसे हृदयाच्या खाली जाते तसतसा हा दाब वाढत जातो. तेव्हा काचबिंदू असणाऱ्यास 'विपरीतकरणी चालेल का' या प्रश्नाचे एक उत्तर नाही. कोणती विपरीतकरणी, हे ठरल्यावरच त्याच्या डॉक्टरांना उत्तर देता येईल.

तिसरे रूप सौम्य असले तरी सर्वांस मोकळे नाही. हृदयाची शक्ती क्षीण झाल्याने ज्याला आडवे पडले की धाप लागते, त्याच्या छातीकडे अधिक रक्त आणणे अपायकारक होय. पायाच्या खोल नीलेत गुठळी असल्याचा संशय असता, म्हणजे एकच पाय अचानक सुजला व दुखू लागला असता, ही क्रिया करीत बसण्याऐवजी तत्काळ डॉक्टरांकडे जावे. गर्भारपणाच्या उत्तरकाळात उताणे निजल्याने गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या नीलेवर पडतो, म्हणून तेव्हाही ती वर्ज्य. पायांच्या रोहिणींच्या विकाराविषयी वर सांगितलेच आहे.

यांपैकी कोणताही निषेध हठप्रदीपिकेत सापडणार नाही, आणि तेथे तो शोधणे व्यर्थ आहे. त्या ग्रंथापुढे हा प्रश्नच नव्हता. तसेच सुरकुत्या व पिकलेले केस नाहीसे करण्याचे आश्वासन भिंतीजवळ निजणाऱ्याला लागू करणे म्हणजे एका करारातील कलम दुसऱ्या करारात वाचणे होय. जुना ग्रंथ आपल्या विश्वकल्पनेत सुसंगत आहे; नवी क्रिया आपल्या मर्यादेत उपयुक्त आहे. दोहोंनाही एकमेकींच्या साक्षीची आवश्यकता नाही.

संज्ञा बदलावी काय, असा प्रश्न उरतो. रूढ शब्द सूचनेने बदलत नाहीत, आणि 'विपरीतकरणी' हे नाव आता तिन्ही क्रियांचे झाले आहे. शिकविणाऱ्याने व लिहिणाऱ्याने एवढे पथ्य मात्र पाळता येईल: नावाआधी 'हठग्रंथोक्त', 'हस्ताधारित' किंवा 'भित्तिआधारित' असे विशेषण लावावे आणि लाभ वा निषेध सांगताना तो कोणत्या क्रियेचा हे स्पष्ट करावे. विशेषणाने शब्द जड होतो, हे खरे. पण ज्याची पावले गार पडत असतात आणि जो 'रक्ताभिसरण' या एका शब्दाच्या भरवशावर संध्याकाळी भिंतीकडे वळतो, त्याच्या दृष्टीने ते जडपण उपकारकच ठरेल.